बांधून ठेवलेलं लोखंड

"गोदे, ए गोदे! लोखंडाच्या घरात पडलीस, अन् भिजल्या कागदावानी कामून झालीस गं?"

गयाबाईंचा हा आवाज इतक्या वर्षांनंतरही माझ्या कानातून गेलेला नाही. माझी सासू गळ्याची गोड होती, एवढं कबूल करते. आयुष्यभर जात्यावर गायलेली बाई. टोमणासुद्धा ती सरळ मारत नसे, आधी त्याला चाल लावायची. सकाळी अंगण झाडता झाडता सुरू व्हायची:

"लोकांच्या सुना बाई, पोलादाच्या पहारी
माझी कापसाची वात, फुंकरीनं थरारी"

शेजारणी भिंतीवरून माना काढून हसायच्या. "वा गं गयाबाई, आणखी एक घाल!" म्हणायच्या. आणि ती कापसाची वात आत चुलीपुढं बसून परातभर भाकरी थापत असायची.

जालन्याच्या जुन्या भागात पांचाळांचं लोखंडाचं दुकान होतं. पुढे सळया, पट्ट्या, पत्रे, खिळ्यांची पोती. मागे अंगण, आणि अंगणात दगडी ओट्यावर ऐरण. माझ्या आजेसासऱ्यांनी तिच्यावर नांगराचे फाळ ठोकले, विळे घडवले. सासऱ्यांनी, म्हणजे नागोराव पांचाळांनी, घण खाली ठेवला आणि तराजू हातात धरला. तेव्हापासून ऐरणीवर कुणी काही ठोकत नव्हतं, तिला फक्त पुजायचं. काम करत होती तोवर ती लोखंड होती, काम सुटलं आणि देवी झाली. घरातल्या बायकांचं नेमकं उलटं होतं. आम्ही लक्ष्मी म्हणून उंबरठा ओलांडायचो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायचो.

या देवीचा एक कडक नेम होता. बाहेरच्या बाईनं, म्हणजे जिची पाळी चालू आहे तिनं, तिच्या जवळपास फिरकायचं नाही. कधीकाळी कुणा चुलतआजेसासूची नुसती सावली पडली आणि ऐरणीला तडा गेला, असं सांगायचे. तडा होताही, एका कोपऱ्याला. तो घणाच्या घावानं गेलेला आहे हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. पण घणाला पाळी येत नाही, त्यामुळे त्याच्यावर दोष जात नव्हता.

म्हणून दर महिन्याला चार दिवस मागच्या दाराशी बसायचं. एक घोंगडी, एक तांब्या, वेगळी ताटली. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की चूल पुन्हा आपली.

माझं पाचव्या दिवशी थांबत नसे.

रेवती झाल्यानंतर वर्षभरात हे सुरू झालं. आठवडा उलटायचा, दुसरा लागायचा, तरी अंगावरून जातच राहायचं. मी पाचव्या दिवशी न्हायची आणि गुमान चुलीपुढं जाऊन बसायची. उजाडायच्या आत कपडे धुवायची, माझ्याच लुगड्याच्या घडीखाली वाळवायची. कुणाला सांगणार? थोरल्या जावेनं, सुमित्राबाईनं, असंच सांगितलं होतं. खरं बोलली बिचारी. "मला थांबत नाही, मी शिवू कशी?" म्हणून अर्धा अर्धा महिना मागच्या दाराशी बसून राहिली. घरच्यांनी दोन-चार महिने बघितलं आणि मग तिला माहेरी पोचवली. "दुरुस्त झाली की आणू" असं सांगून. आणायला कुणी गेलंच नाही. तिचा मुलगा मात्र इथंच ठेवून घेतला, पांचाळांचा वंश म्हणून. मी लग्न होऊन आले तेव्हा तो आजीच्या पदराला धरून फिरायचा आणि आई कुठंय विचारलं की दुकानाकडं बोट दाखवायचा.

माझी रेवती तीन वर्षांची होती. मी ठरवून टाकलं होतं, जीव गेला तरी चार म्हणजे चार.

जीव हळूहळू चाललाच होता. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसावं लागायचं. छातीत घुशी पळाव्यात तसं धडधडायचं. नखं पातळ होऊन मधोमध खोलगट झालेली, चमच्यासारखी. आज ती गुलाबी आहेत, पण हात धुताना अजून नजर जातेच. आणि भिंत सारवायला घेतली की पोतेऱ्यातल्या ओल्या मातीचा वास असा काही यायचा, की बोट बुडवून जिभेवर ठेवल्याशिवाय राहवत नसे. पुरणपोळीला कधी एवढी जीभ पाझरली नसेल.

त्या भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात मी पुरणाच्या पातेल्यासकट पडले. पडले म्हणजे चुलीशेजारी मूठभर होऊन पसरले. पुरण सगळं जमिनीवर. नैवेद्य नासला, तेव्हा घरात पहिल्यांदा कुणाला तरी काळजी वाटली. महालक्ष्म्या उपाशी उठल्या तर घराला बरकत राहत नाही. दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात नेलं.

अत्तार मॅडमचा दवाखाना आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. बाई पन्नाशीची, चष्मा नाकावर, जिभेला हाड नाही. त्यांनी माझी खालची पापणी ओढली.

"आतून चुना दिलाय काय गं भिंतीला?"

मी हात पदराखाली घेतले.

"नखं दाखव. बघ, यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो खाली पडायचा नाही. माती खातेस?"

"कधी कधी वास घेते."

"वास घेऊन जीभ अशी होत नाही. बरं, पाळी किती दिवस असते?"

आमचे हे, दिगंबरराव, दारात उभं राहून भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर निरखत होते. मघापासून त्याच महिन्यावर होते. गयाबाई स्टुलावर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"चार," मी म्हणाले.

"चार?"

"चारच."

मॅडमनी गयाबाईंकडे पाहिलं. "काय हो आजी?"

"चारच की," गयाबाई म्हणाल्या. "बायकांना काय म्हैनाभर असतं का?"

मॅडमनी चष्म्यावरून आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. "रक्त काढून औरंगाबादला पाठवते. रक्तात लोह किती आहे आणि ते अंगभर वाहून न्यायची सोय कशी आहे, दोन्ही कळेल. तोवर या लोहाच्या गोळ्या. चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. पाण्यात लिंबू पिळ, त्याच्याबरोबर घे. रिपोर्ट आला की घेऊन ये."

ही बातमी दुकानात पोचली आणि नागोरावांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. "लोह कमी? माझ्या सुनेला?" ते गल्ल्यावरून ओरडले. "अरे, बाहेर सळयांचा डोंगर पडलाय माझा! अर्ध्या जिल्ह्याचे स्लॅब पडलेत माझ्या लोखंडावर!"

"मालक, सूनबाईंना रोज एक खिळा देत जा," गाडीवाला रामा म्हणाला.

"इंची का दोन इंची?" दुसऱ्यानं विचारलं.

पुढं कितीतरी दिवस हा विनोद दुकानात पुरला. मी चहा घेऊन बाहेर गेले की कुणीतरी खिळ्यांच्या पोत्याकडं बघून खोकायचं.

रिपोर्ट आला तो पितरांच्या जेवणाच्या दिवशी. नेमके दाजी आलेले.

दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, प्रल्हादराव. ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवायचे. घरातला एकमेव पदवीधर माणूस. घरी आले की जे छापलेलं दिसेल ते वाचून त्याचा अर्थ सांगायचे, औषधाच्या बाटलीपासून बियाण्याच्या पिशवीपर्यंत. त्यांच्या हातात कागद गेला की आमच्याकडं सगळे मांडी घालून बसायचे, जसं काही पोथी लागली.

त्यांनी पाकीट फोडलं, कागद हातभर लांब धरला.

"हं. सिरम आयर्न. आयर्न म्हणजे लोह. पुढं एल लिहिलंय. एल म्हणजे लो."

"म्हणजे कमीच की," हे म्हणाले.

लग्न झाल्यापासून माझ्या बाजूनं पडलेलं ह्यांचं ते पहिलं वाक्य. मी दाराआडून ऐकत होते, मला गहिवरून आलं.

"थांबा हो दिगंबरराव," दाजी म्हणाले. "घाई नडते माणसाला. वरचा एक आकडा बघून कुणी ताळेबंद वाचतं का? मी पोरांना पहिल्या दिवशी काय शिकवतो? नजर खाली न्या. टोटल बघा." त्यांचं बोट कागदावरून खाली सरकलं आणि चेहरा उजळला. "ही बघा! टोटल आयर्न! एकूण लोह! टोटल आयर्न बायंडिंग कपॅसिटी. आणि पुढं काय लिहिलंय? एच. हाय!"

"हाय म्हणजे?" नागोरावांनी विचारलं.

"जास्त, मामा. भरपूर."

"अन् वर कमी, खाली जास्त, हे कसं काय?"

"सोपं आहे. वरचं म्हणजे खिशातली मोड. खालचं म्हणजे एकूण मालमत्ता. खिशात मोड नाही म्हणून माणूस गरीब ठरतो का?"

"ते मधलं काय म्हणालात, बाइंडिंग?"

"बायंडिंग. बांधणी. बांधून ठेवलेलं."

"अन् कपॅसिटी?"

"क्षमता."

नागोराव पांचाळांनी आयुष्यभर लोखंड विकलं होतं. त्यांना हे ताबडतोब पटलं. ते गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "म्हंजी गोदामात माल गच्च हाय. बाई बांधून ठेवती अन् बाहेर काढीना!"

"अगदी बरोबर, मामा. साठेबाजी!"

सगळे हसले. हे सुद्धा हसले. मघाचं वाक्य परत घेतल्यासारखे.

"मग त्या गोळ्या?" नणंदेनं विचारलं.

"गोळ्या कशाला? भरल्या गोदामात आणखी माल कोंबला तर काय होईल? आतून गंज धरला म्हणजे?"

गंज. मी खरंच सांगते, दाराआड उभ्या उभ्या मला हसू फुटलं. हसताना धाप लागली म्हणून चौकटीला धरून खाली बसले. तर नणंद म्हणाली, "बघा, नाटकं."

सगळ्यांनी गयाबाईंकडे पाहिलं. आता ओवी येणार, बांधल्या लोखंडाची, साठेबाज सुनेची, याची वाट बघत होते. पण गयाबाई नुसत्या उठल्या. "क्षमता लई हाय ना तिची? मग उठ गोदे. भांडी पडलीत." एवढंच. आत जाऊन त्यांनी माझ्या गोळ्यांची पुडी फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवली, जिथं माझा हात पोचत नव्हता. त्या दिवशी त्या गायल्या नाहीत याचं मला काहीच वाटलं नाही. वड्यांनी पोट जड झालं असेल, म्हटलं.

त्या दिवसापासून माझी क्षमता घरात सरकारी कागदासारखी मान्य झाली. नवरात्राची साफसफाई निघाली. पत्र्याचे डबे माळ्यावरून खाली आले. गोधड्या धुवायला निघाल्या. मी पायरीवर बसले की माहेरपणाला राहिलेली नणंद ओरडायची, "वहिनी, क्षमता वापरा जरा!" आणि मी उठायची, कारण उठले नसते तर कुणीतरी विचारलं असतं, आज कितवा दिवस?

रात्री जेवणं झाल्यावर मी ह्यांना म्हणाले, "अहो, तो कागद एकदा मॅडमना दाखवा ना."

"दाजींनी वाचलाय की."

"दाजी कॉमर्सचे आहेत."

"मग? आकडेच वाचायचे होते ना त्यात?"

ज्याच्याशी जन्म काढायचा त्यानं असं उत्तर दिलं की बाई कुशीवर वळते. मी वळले. रेवतीनं झोपेत माझ्या गळ्यावर हात टाकला होता, तो तसाच राहू दिला.

घट बसायच्या आधीच माझं सुरू झालं होतं. पाचव्या दिवशी न्हाले आणि नवरात्रभर देवाचं, चुलीचं, सगळं केलं. अंगावरून जातच होतं. खंडेनवमीचा दिवस उजाडला तरी थांबलं नव्हतं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. घण, हातोडे, सांडशी, तराजूची वजनं, सगळं धुऊन पुसून ऐरणीभोवती मांडलेलं. झेंडूचे हार. गाडीवाले, हमाल, ओळखीपाळखीची माणसं प्रसादाला जमलेली. ऐरणीला पहिली हळद घरच्या सुनेनं लावायची अशी रीत. नाही म्हणायला कारण हवं, आणि माझं कारण तर कधीच न्हाऊन मोकळं झालेलं होतं. मी तबक घेऊन गेले. ओट्याच्या दगडाला गुडघा टेकला, थंडगार लोखंडाला हळद लावली, कुंकू लावलं. टिळा सरळ आला.

मी वळते तोच दुकानातून आवाज आला. "नागोराव आहेत का? दवाखान्याला गेट करायचंय, माप आणलंय."

अत्तार मॅडम होत्या. हातात कागदाचा कपटा, काखेत पर्स.

"आज हत्याराला सुट्टी, मॅडम," नागोराव पुढं होऊन म्हणाले. "माप उद्या घेतो. आलात तर प्रसाद घ्या. सूनबाई, मॅडमना प्रसाद."

मी तबक तसंच डाव्या हातात धरून द्रोण पुढं केला. मॅडमनी द्रोण घेतला आणि माझ्याकडं बघत राहिल्या.

"ही अजून अशीच? महिना झाला की गं. गोळ्या घेतेस ना?"

मी खाली बघितलं.

"गोळ्या आम्ही बंद केल्या," दाजी म्हणाले. सणाला जावई आलेच होते. "रिपोर्टमध्ये टोटल हाय आली."

"काय आली?"

"टोटल. एकूण लोह." आणि दाजींनी सगळं परत समजावून सांगितलं. मोड, मालमत्ता, बांधणी, गोदाम, गंज. मॅडमनी एक शब्द मध्ये घातला नाही. प्रसादाचा शिरा खात शांतपणे ऐकलं.

"तुम्ही काय शिकवता?"

"वाणिज्य."

"पोरं पास होतात?"

"हो, म्हणजे..."

"अल्ला मोठा आहे," मॅडम म्हणाल्या आणि नागोरावांकडं वळल्या. "नागोराव, स्टेशनावर तुमचा माल उतरतो तेव्हा हातगाड्या कशा येतात इथं?"

"माल आला तर भरभरून येतात की."

"आणि नाही आला तर?"

"तर काय, गाडीवाले दारात गाड्या लावून बिड्या ओढत बसतात. हा रामा तर झोपाच काढतो."

"मग तुमच्या दारात रिकाम्या गाड्यांची ही गर्दी दिसली, तर मी काय समजू?"

"माल न्हाई असं सम..." नागोराव मध्येच थांबले.

"हां. रक्तात पण लोह वाहायच्या गाड्या असतात. ही जी टोटल आहे ना, ती म्हणजे त्या सगळ्या गाड्यांत मिळून किती लोह मावेल तो आकडा. आत किती आहे तो नव्हे. माल मिळेना झाला की शरीर कासावीस होतं, आणखी गाड्या जुंपतं. म्हणून तो आकडा वाढतो. हिच्या दारात गाड्याच गाड्या उभ्या आहेत. सगळ्या रिकाम्या. आणि तुम्ही लोकांनी गाड्या मोजल्या आणि सांगितलं, माल गच्च आहे."

मागं रामा फिस्सकन हसला. त्या घरात माझ्या आजारावरून आजवर पुष्कळ हसले होते, पण हसू माझ्या अंगावर न येता दुसरीकडं गेल्याचं मी पहिल्यांदा बघत होते.

"त्यांनी तसं स्पष्ट छापायला पाहिजे होतं," दाजी म्हणाले.

नागोराव मात्र विचारात पडले होते. धंद्याची भाषा कानावर पडली की त्यांचं डोकं चालायचं. "पन मॅडम, खाती-पिती बाई हाय. मग माल जातो कुठं?"

"तेच मी पहिल्या दिवशी विचारलं होतं." मॅडम माझ्याजवळ आल्या. आवाज खाली आणला, पण अंगणात सगळेच कान होते. "पाळी किती दिवस, बेटा? खरं सांग."

पुरुष मंडळी आपापल्या चपलांकडं बघू लागली. ह्यांना ऐरणीवरचा हार एकाएकी वाकडा दिसला, ते तो सरळ करू लागले. खरं माझ्या ओठाशी आलं होतं. समोर ऐरणीवर माझ्याच बोटांची ओली हळद, आणि ओट्याशी रेवती झेंडूच्या पाकळ्या गोळा करत बसलेली. तिचा चुलतभाऊ तिला एक एक पाकळी आणून देत होता, ज्याची आई आणायला कुणी गेलं नव्हतं तो.

"चार," मी म्हणाले.

मॅडमनी सुस्कारा टाकला. "चार दिवसांत इतकं जात नाही. मग कुठंतरी आतून जातंय. औरंगाबादला नेऊन सगळं तपासावं लागेल. नागोराव, मी घाबरवत नाही, पण ही अशीच राहिली तर पुढची खंडेनवमी हिला दिसायची नाही."

दाजींनी घसा खाकरला. चूक पचवलेल्या माणसाला लगेच काहीतरी शहाणपणाचं सुचतं.

"एवढं असेल तर माहेरी पाठवावं, मामा. तिकडं आराम पडेल, ते लोक बघतील काय ते. सुमित्रावहिनींना नाही का पाठवलं?"

"व्हय, ते बी खरं," नागोराव म्हणाले.

"रेवतीचं?" हे म्हणाले.

"रेवती राहील की इथं. पांचाळांची लेक हाय."

"बरं," हे म्हणाले.

एवढ्याशा बारक्या शब्दावर माझा संसार मोडीत निघाला. हार मात्र त्यांनी अगदी सरळ केला होता. माझ्या हातातल्या तबकातली कुंकवाची कोयरी कलंडली.

"चार न्हाई."

आवाज गयाबाईंचा होता. त्या स्वयंपाकघराच्या पायरीवर भिंतीला धरून उभ्या होत्या. तो आवाज मी पटकन ओळखला नाही, कारण त्याला चालच नव्हती.

"काय चार न्हाई?" नागोराव म्हणाले.

"दिवस. हिला चार दिवसांत थांबत न्हाई. पंधरा पंधरा दिवस जातं, कवा कवा जास्त. पाचव्या दिवशी न्हाती अन् तशीच चुलीपुढं बसती. लिहून घ्या मॅडम, पंधरा दिवस. आज बी चालूच हाय."

नागोरावांची नजर माझ्या बोटांवर आली. तिथून ऐरणीवर गेली. दाजी दोन पावलं मागं सरले.

"आज? अन् हिनं ऐरणीला..."

"मागल्या साली बी हिनंच लावली हळद. तुमच्या ऐरणीला काय झालं का? तुम्ही दुकानावर मजला चढवला त्याच साली."

"गया, तुला ठावं होतं?"

मी तिच्याकडं बघत राहिले. पहाटेच्या अंधारातलं ते धुणं, लुगड्याच्या घडीखाली वाळवलेली फडकी, ओठ दाबून उचललेल्या घागरी. मला वाटत होतं, मी लपवतेय. दवाखान्यातल्या स्टुलावरचं तिचं "चारच की" आठवलं.

नागोरावांना तिनं उत्तर दिलं नाही. ती माझ्याशी बोलली. माझ्या तोंडाकडं बघून, टोमण्यावाचून, पहिल्यांदाच.

"पैल्या म्हैन्यापासून ठावं होतं, गोदे. सुमित्रा खरं बोलली. तिला घालवली, अन् चूल माझ्या गळ्यात आली. माझे गुडघे गेलेत, चुलीपुढं बसवत न्हाई मला. तू बाहेर बसली असतीस तर भाकरी कोनी थापल्या असत्या? म्हनून गप बसले. डॉक्टरणीपुढं बी खोटं बोलले. मरू देत होते मी तुला."